न हलवलेली पूजा

बाजारात झेंडूचे ढीग लागले की लोकांना सण आल्याचं बरं वाटतं. मी ढिगांना वळसा घालून जाते. सात वर्षं झाली, ती सवय काही जात नाही.

या वर्षी अष्टमीला लातूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा पहिला झेंडूचाच वास आला. नांदेडहून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालली होती. मळणीचा भुस्सा खिडकीतून आत येऊन केसांत बसत होता. लोक आभाळाकडे बघत ढिगांवर ताडपत्र्या ओढत होते, कारण परतीच्या पावसाचा नेम नसतो. मी पण सारखी आभाळाकडेच बघत होते. पण माझी फिकर पावसाची नव्हती.

माझी मुलगी रेणू लातूरच्या एका कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवते. त्याच्या चार दिवस आधी तिचा फोन आला होता. हैदराबादच्या एका पगारी संघाने तिला शिकवायला बोलावलं होतं आणि दसऱ्यानंतर लगेच जायचं होतं. एवढं तिने एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "पोरींना अजून सांगितलं नाही. मला सांगणं होईना. नवमीला तू ये."

मी येऊन काय करणार होते? मला चार माणसांत बोलता येत नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून माझं तोंड मिटलेलंच आहे. जे बोलायचं राहतं ते रेणूच्या जुन्या स्कोअरवहीच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवते. हेही तिथेच लिहिते आहे. पण ती ये म्हणाली, आणि मी गेले.

पगारी संघ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नांदेडला, आमच्या कॉलेजच्या मैदानावर. आमच्या म्हणजे मी जिथे झाडलोट करते त्या. पहाटे साडेपाचला मी कोर्ट झाडायला जायची. थंडी नुकती लागलेली असायची, सिमेंट पायाला गार लागायचं, कडुनिंबाची पानं रात्रभर पडून ओली झालेली असायची. खराट्याचा खर्र खर्र आवाज आणि मग मागून पहिला बॉल. धप. त्या एका आवाजावरून मला कळायचं कोणती पोरगी आली ते. रेणूचा बॉल घाईत असायचा. तिला कायम वाटायचं की कोणीतरी आता थांबवणार.

तिला तसं वाटण्यात चूक नव्हती. रेणू अकरावीला त्याच कॉलेजात आली आणि मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या सरांनी तिला खेळताना पाहिलं. उंच होती, पळायची. सर एका संध्याकाळी आमच्या खोलीवर आले. रेणूचे बाबा अर्धापूरला केळीच्या गाड्या भरायला जातात. ते नुकते आले होते, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. हे डाग कशानेही निघत नाहीत. मी पडद्याआड चहा करत होते आणि कान बाहेर होते. पोरगी अर्ध्या चड्डीवर खेळणार, बाहेरगावी सामन्यांना जाणार, हे तिचे बाबा कसं ऐकून घेतील?

सरांनी फार बोलणं केलं नाही. गावं सांगितली, गाडी कधी निघते आणि कधी येते ते सांगितलं, आणि स्वतः बरोबर असतो म्हणाले. रेणूच्या बाबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला.

"सर, तुमी हाय तोवर खेळू द्या," ते म्हणाले. "जिम्मा तुमचा."

सर हो म्हणाले. रेणूने पडद्याआड माझ्याशेजारी उडी मारली ती तोंडावर हात ठेवून. मी मात्र त्या 'तोवर'पाशीच अडकले. दोरीला गाठ मारल्यासारखा तो शब्द होता. दोरी कुठे संपते ते त्या दिवशी कोणाला दिसलं नाही.

पुढे रेणूच्या बाबांना मुलींचं कौतुक वाटू लागलं, मोकळं कधी बोलले नाहीत तरी. गाडी भरताना सुटलेल्या फण्या ते वेगळ्या ठेवायचे आणि सकाळी माझ्याजवळ द्यायचे. खेळून झाल्यावर पोरी कोर्टाच्या कडेला बसून केळी खायच्या आणि सालं मुद्दाम माझ्या टोपल्यात नेम धरून टाकायच्या. एखादं साल बाहेर पडलं की सर म्हणायचे, टोपलं एवढं मोठं असून नेम चुकतो, तर त्या वरच्या रिंगणाचं काय होणार. हसणं मैदानभर पसरायचं. मी पदरात हसायची.

खंडेनवमीला सर सामानाच्या खोलीत पूजा मांडायचे. शेतकरी औतं पुजतो, सुतार करवत पुजतो, तसं ते बॉल पुजायचे. पोरी आदल्या दिवशी एकेक बॉल साबणाने धुवायच्या. मग चादरीवर ओळीने बॉल, हवा भरायचा पंप, नवी जाळी, आणि सगळ्यांच्या पुढे सरांची पितळी शिट्टी, लाल दोरीची. पहिल्या वर्षी सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमचा खराटा कुठंय?" मला वाटलं केर राहिला. मी धावत घेऊन आले. त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि बॉलांच्या ओळीत ठेवला. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. माझ्या खराट्याला कोणी हात जोडेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

नवमीला पुजलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. दसऱ्याला सकाळी अक्षता टाकायच्या, एकेक वस्तू जागची जराशी हलवायची. पूजा हलवली की वस्तू मोकळी. तोपर्यंत ती देवाची. हे हलवायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं. खोलीची चावीही माझ्याकडेच असायची.

रेणू बारावीत गेली त्या वर्षी नवरात्रात बातमी आली. सरांना बेंगळुरूच्या एका संघाने बोलावलं होतं. तिथे खेळणाऱ्यांना पगार असतो, शिकवणाऱ्यालाही. सरांनी सगळ्यांना कोर्टावर बसवून स्वतःच सांगितलं. आठ वर्षं ते तासांच्या पैशांवर काम करत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचं घर कसं चालायचं ते त्यांनाच माहीत. शिपाई म्हणाले की सरांनी शहाणपणा केला, आधीच करायला हवा होता. सगळ्यांचं बरोबर होतं. सरांचंही बरोबर होतं हे मला कळत होतं, आणि म्हणूनच माझा राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

पोरी रडल्या. रेणू रडली नाही. घरी येऊन तिने बाबांच्या ताटात भाकरी वाढली आणि हळूच माझ्याकडे पाहिलं. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी लातूर विभागाच्या संघाची निवड होती. सर गेले की तिच्या बाबांचं 'तोवर' संपणार होतं. बाबांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी आम्ही दोघी दचकायचो.

नवमीला पूजा झाली. सरांनी शिट्टी गळ्यातून काढून पुढे ठेवली आणि जाताना मला म्हणाले, "ताई, उद्या सकाळी सहाला पूजा हलवा. पोरी येणार आहेत. संध्याकाळी माझी गाडी आहे."

मी मान हलवली. खोलीला कुलूप लावलं. चावी कमरेच्या पिशवीत टाकली आणि तेवढ्यात ते माझ्या मनात आलं. कुठून आलं माहीत नाही. पूजा हलली नाही तर शिट्टी मोकळी होणार नाही. शिट्टी मोकळी झाल्याशिवाय सर कसे जातील?

आता लिहिताना हे वेड्यासारखं वाटतं. तेव्हा वाटलं नाही. ज्या माणसाला तोंडाने थांबा म्हणता येत नाही, त्याला असलंच काहीतरी सुचतं.

दसऱ्याला उजाडायच्या आत मी रेणूच्या बाबांबरोबर गावाकडे निघाले, दिराच्या घरी नैवेद्य असतो म्हणून. रेणू मैदानावर जाणार होती. तिने चावी मागितली, तर मी म्हणाले की तिथेच ठेवली आहे शिपायाजवळ. लेकीशी मी तेवढं एकच खोटं बोलले आहे. गावात जाऊबाई पुरणाचं विचारत होत्या, पोरं आपट्याच्या फांद्या ओढत होती. केळीच्या बागेत पाणी सोडलेलं, पायाखाली गार चिखल, आणि माझ्या कमरेला ती चावी. बसता-उठता बोचत होती. सहा वाजले. सात वाजले. मला सारखं वाटत होतं की कुलपावर कोणीतरी दगड मारत आहे.

मला राहवलं नाही. मी जेवायला न थांबता एकटीच परत आले. मैदानावर पोहोचले तेव्हा दहा वाजले असतील. नांदेडात दसऱ्याची गर्दी, गुरुद्वाऱ्याकडून नगारे ऐकू येत होते. कॉलेजात मात्र सामसूम होती. मला वाटलं सगळे कंटाळून गेले.

गेले नव्हते. कोर्टावर सगळ्या पोरी पळत होत्या, आणि एकीच्याही हातात बॉल नव्हता. रिकामे हात. बॉल आहे असं धरून त्या वाकत होत्या, हात खाली-वर करत होत्या, रिंगणाखाली जाऊन उडी मारत होत्या. सर रेणूच्या समोर उभे होते. "डावा. परत डावा," म्हणत होते. रेणूचा उजवा हात पक्का होता, पण डाव्या बाजूने गेली की बॉल सुटायचा. तेवढं एक शिकवायचं राहिलं होतं. त्यासाठीच सरांनी ही सकाळ राखून ठेवली होती, हे मला नंतर कळलं. इतक्या पोरींच्या पायांचा आवाज होता, पण ते धप धप नव्हतं. तसलं कोर्ट मी आधी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही.

एका पोरीने मला नंतर सांगितलं की तिने कुलूप दगडाने तोडू का म्हणून विचारलं होतं. सर म्हणाले होते की ताईंनी पूजा हलवलेली नाही, तर राहू दे.

मी कुलूप उघडायला पुढे झाले. किल्ली भोकात जाईना. सर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं नाही की कुठे होतात. त्यांच्या खिशात आपट्याची पानं होती, दोन पानं माझ्या हातावर ठेवली.

"ताई, आता पूजा हलवा," ते म्हणाले. "पोरींना बॉल द्या. मला सामान बांधायला जायचंय."

त्यांना कळलं होतं. मला बोलायचं होतं की सर, चुकले. मी कुलूप उघडून बॉल हलवले, पोरींना दिले, आणि ते बोलणं राहूनच गेलं. ते गेले. शिट्टी त्यांनी मागितली नाही, आणि मला ती पुढे करायचं सुचलं नाही. मी ती घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवली. दुसऱ्याची वस्तू होती, तरी ठेवली.

त्याच दिवशी सोनं वाटताना रेणूच्या बाबांना कोणीतरी सर गेल्याचं सांगितलं. ते घरी आले, खाटेवर बसले आणि बराच वेळ सदऱ्यावरचा डाग नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले की झालं तेवढं बास. आता पोरीने बारावीकडे लक्ष द्यावं. रेणू म्हणाली की निवड लातूरला आहे, सहा जणींना जायचंय, फक्त एक दिवस. नवे सर अजून आलेले नाहीत, आणि कोणी मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय कॉलेज मुलींना पाठवत नाही, हेही तिने खालच्या मानेने सांगून टाकलं. लपवाछपवीत ती माझ्यापेक्षा कच्ची.

"मग संपलंच की," तिचे बाबा म्हणाले. "जिम्मा कोनाचा?"

मी चुलीपाशी होते. पाठ त्यांच्याकडे होती, म्हणून जमलं असेल.

"माझा."

"काय म्हनलीस?"

"जिम्मा माझा. मी जाते संगं."

ते हसले. म्हणाले, "तू? तुला बसचा बोर्ड विचारायची लाज वाटती, अन् सहा पोरी नेतीस?" ते खरंच होतं. पण नाही म्हणाले नाहीत. जायच्या दिवशी पहाटे दारात दोन फण्या आणून ठेवल्या.

मी सहा पोरींना घेऊन लातूरला आले. वाटेत दर पाच मिनिटांनी त्यांना मोजत होते. निवडीच्या मैदानावर रेणू डाव्या बाजूने तीनदा गेली. दोनदा बॉल सुटला, एकदा आत पडला. नावं वाचली त्यात तिचं नाव नव्हतं. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली, आणि झोपेतही तिच्या डाव्या हाताची बोटं हलत होती. मी ती बोटं बघत बसले. त्या सकाळी सहाला बॉल मिळाला असता तर? चार तासांत काय होतं, कोणी म्हणेल. चार तासांत हात बसतो किंवा बसत नाही. पुढच्या वर्षी ती विद्यापीठाच्या संघात निवडली गेली, त्याच्या पुढच्याही. पण ते एक वर्ष मी तिच्याकडून घेतलं की नाही, हे मला कळलेलं नाही. तिला कधी विचारलंही नाही.

लातूरला या वर्षी नवमीची पूजा रेणूनेच मांडली. बॉल धुतलेले, नवी जाळी, रांगोळी. तिची पाठ वळल्यावर मी पेटीतून आणलेली पितळी शिट्टी पदराखालून काढली आणि ओळीत सगळ्यात पुढे ठेवली. लाल दोरीचा रंग उडाला आहे. रेणू वळली, शिट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिट्टीला कुंकू लावून पुढे गेली. मी दाराशी जाऊन बसले.

तिथे मंगलबाई आल्या. त्यांचं घर औशाला, यजमानांचं किराणा दुकान आहे. मुलगी शिवानी इथे शिकते म्हणून त्या लातूरला खोली करून राहतात. लातूरला अशा कितीतरी आया आहेत, मुलांच्या क्लासपायी डबे करत खोलीत बसलेल्या. शिवानी क्लासच्या आधी पहाटे खेळायला येते. मंगलबाई मला म्हणाल्या की लोक बोलतात ते खरं आहे का, मॅडम जाणार आहेत का. मी खाली बघितलं. त्यांना कळायचं ते कळलं.

"शिवानीचे पप्पा म्हनतात, मॅडम हायत तोवर खेळू दे," त्या म्हणाल्या. "मग नुसता क्लास."

जगात त्या शब्दाला दुसरं घर नाही का, असं मला झालं.

थोड्या वेळाने रेणूने खोलीला कुलूप लावून चावी माझ्या हातात दिली आणि सकाळी सहाला पूजा हलव म्हणाली. ती गेली. मंगलबाई तिथेच होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"चावी माझ्यापाशी राहू द्या की," त्या म्हणाल्या. "माझी खोली जवळ हाय. मी येते सकाळी, रांगोळी बी काढते."

बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कुलपाकडे बघत होत्या. ती नजर मी ओळखली. आरशात ओळखावी तशी.

मी चावी दिली नसती तरी चाललं असतं. रेणूची सकाळ वाचली असती. पण मग त्यांच्या हातात काय राहिलं असतं? मी त्यांना पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. केळीची बाग, कमरेला बोचणारी चावी, रिकाम्या हातांनी पळणाऱ्या पोरी. सात वर्षांत तोंडातून पहिल्यांदा निघालं. सांगताना वाक्य पुरं होत नव्हतं.

"मग सर थांबले का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"न्हाई थांबले. संध्याकाळच्या गाडीनं गेले."

मी चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटली. म्हणाले, "जिम्मा तुमी घ्या. म्या घेतला होता. जमतं."

त्या मूठ तशीच धरून गेल्या. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. मग भीती वाटली. मी माझ्या पोरीची शेवटची सकाळ एका अशा बाईच्या मुठीत देऊन बसले होते, जिला मीच युक्ती शिकवली असेल.

दसऱ्याला साडेपाचला आम्ही मैदानावर होतो. पोरी आल्या. शिवानीही आली, पण तिची आई तिच्या आधीच निघाली होती म्हणे, कुठे गेली माहीत नाही. सहा वाजले. रेणूने कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खराटा घेतला आणि झाडलेलंच कोर्ट परत झाडायला लागले. सहा वाजून दहा मिनिटं. आभाळ भरून आलं होतं, कुठूनतरी ओल्या भुश्शाचा वास येत होता. माझे कान फाटकाकडे होते.

मंगलबाई आल्या. केस ओले, हातात वाटी. अक्षतांचे तांदूळ घरात संपले होते, दोन गल्ल्या फिरून आणले म्हणाल्या. कुलूप त्यांनीच उघडलं. अक्षता टाकल्या, एकेक बॉल हलवला, पंप हलवला, जाळी हलवली. शेवटी शिट्टी राहिली. तिच्यापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हलवा," मी म्हणाले.

त्यांनी शिट्टी बोटभर सरकवली.

रेणूने ती उचलून गळ्यात घातली. पोरी ओळीत उभ्या राहिल्या. जायचं ती त्यांना नंतर सांगणार होती, आधी तिने बॉल वाटायला घेतले. प्रत्येकीच्या हातात एकेक दिला, आणि बोलली पोरींशी, पण बघत होती माझ्याकडे.

"आज डावा हात," ती म्हणाली. "बॉल घेऊन."

मग धप धप सुरू झालं.